ओल्या पंखावर कव्हर नाही

सुधीरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लोनडॉकिनच्या बसमध्ये होते. मेघनाकाकू एवढंच म्हणाल्या, "काका गेले गं." मी "बरं" म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकायला इथे परदेशात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणात काका भेटले, किलकेनीच्या हॉस्पिटलातले भूलतज्ज्ञ. मी 'सर' म्हटलं की म्हणायचे, "काका म्हण, नाहीतर भूल देईन." त्यांचं एक जुनं ग्लायडर होतं, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ग्लायडिंग क्लबच्या शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून ते बारा महिने मैदानावर बांधलेलं असे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ते पुसायला जायची. एकदा मी घाईत ओल्या पंखावरच कव्हर ओढलं, तर काका म्हणाले, "अगं, गरम पोळ्या डब्यात कोंबतेस का? घाम सुटतो त्यांना. इथे तो घाम गोठतो!" पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी आत साठतं, गोठून फुगतं आणि पंख आतून उकलतो. काका काडेपेटीतल्या काडीने एकेक भोक तपासायचे, मग पंखाचं टोक हलवून कान लावायचे. आत पाणी असलं तर वाजतं.

ते आजारी पडल्यावर हे काम माझ्याकडे आलं. शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "पंखाच्या सांध्यांवर टेप लावलीस? भोकं मोकळी आहेत ना?"

"हो काका."

टेप लावली होती, पण भोकं मी पाहिली नव्हती. पाऊस होता, सबमिशन होतं... "ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'छान'.

ग्लायडर क्लबला द्यायचं, नवी मुलं त्यावर शिकतील, ही त्यांची इच्छा. ते गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. परवा कडाक्याच्या थंडीचा इशारा आला, तेव्हा काकूंबरोबर गेले. माझ्याच टेपखाली दोन भोकं बुजली होती. टेप सोलली. पाणी पडू लागलं, बराच वेळ पडत राहिलं. अजून गोठलं नव्हतं.

"मी काकांशी खोटं बोलले होते," मी म्हणाले.

काकू पंख धरून उभ्या होत्या. "माहीत होतं त्यांना. फोन ठेवून म्हणाले, फार पटकन 'हो' म्हणाली, बघितलं नसणार. पण थंडी पडायच्या आत जाईल ती."

मला रडू आलं नाही. काकांचा जुना टॉवेल सीटमागे तसाच होता. त्याने पंख पुसला. काकूंनी टॉवेल पिळून दिला, पुन्हा पुसला. मग टोक हलवून कान लावला... आत काहीच वाजलं नाही. तेव्हा आम्ही दोघींनी कव्हर ओढलं.