दोरीला दिलेले दोन हिसके

१७ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चार वर्षांपूर्वीच्या त्या मिनिटाला मी पाण्याखाली काय केले, हे आजवर कुणालाही सांगितलेले नाही. वडिलांना नाही, मार्गदर्शकांना नाही — आणि जिला सांगायला हवे होते, तिला तर नाहीच.

आधी जागा सांगते. जागेबद्दल मी कधी खोटे बोलले नाही. आमचे जुने गाव केनवडपासून जवळच होते. सिंचन तलाव झाला, गाव वरच्या माळावर सरकले आणि जुना बाजारचौक पाण्याखाली गेला. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी. मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकले ते याच चौकासाठी. तिथल्या गाळात सोड्याच्या जुन्या बाटल्या होत्या — जाड, हिरवट, गळ्यात काचेची गोटी अडकलेल्या. त्या वर काढायच्या, त्यांचा अभ्यास करायचा आणि त्या बळावर पुढच्या संशोधनाची जागा मिळवायची. बेत अगदी आखीव होता.

डायव्हिंग म्हटले की निळे पाणी डोळ्यांपुढे येते ना? ते विसरा. काळ्या मातीचा तलाव हा. तळाला हात टेकला की गाळ उठतो आणि तोच हात दिसेनासा होतो. विजेरी निरुपयोगी. मग हातमोजा काढायचा आणि बोटांनी पाहायचे. कमरेला दोर, त्याचे दुसरे टोक नावेत बसलेल्या बाबांच्या हातात. एक हिसका म्हणजे सापडले, टोपली सोडा. दोन हिसके म्हणजे इथे काही नाही, पुढे सरकते. आम्हा बापलेकींची पाण्यातली भाषा एवढीच. रिकामी वर आले की बाबा म्हणत, “मासोळ्यायसंग गप्पा मारून राह्यली होती काय वं?”

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती : तालुक्यातला पहिला सोडा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, काढला. गावच्या वाचनालयात बाटल्या मांडायच्या आणि वर आबांचा फोटो लावायचा, हे ठरूनही गेले होते.

त्या आठवड्यात कौसल्याबाई घरी आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्ध वस्तीत राहणाऱ्या. बाबा घरी नव्हते. त्या ओट्यावरच बसल्या — मी आत बोलावले नाही, हेही इथेच नोंदवते. सोडा त्यांचे वडील किसन बनवत, असे त्यांनी सांगितले. आबांची फक्त दुकानाची जागा होती. मी शास्त्रीय सुरात पुरावा विचारला. त्या हसल्या.

“आमच्या हातचं पानी कोनी पेत नोतं, पोरी. पन गोटी बसली का बाटलीले जात नसे. समदा बाजार पे.” मग म्हणाल्या, “बापानं काचीत आपलं नाव पाडून आनलं होतं. सापडली त सांगजो. नाई सापडली तरी सांगजो, म्हंजे मी वाट नाई पायनार.”

आणि १७ मे. बाजारचौकातल्या विहिरीच्या कठड्याशी मी गाळात कोपरापर्यंत हात घातला. बाटली अखंड होती. गोटी आत हलली, ते बोटांना कळले. मग बाटलीच्या अंगावर उठलेली अक्षरे लागली. तुम्हाला वाटेल, अंधारात चाचपडताना चूक झाली असेल. नाही. मी तीन वेळा वाचले. पहिल्या वेळी आबांच्या रामराव या नावाचा ‘रा’ लागेल, अशी वाट पाहत वाचले — हो, पाण्याखालीसुद्धा मनुष्य आधी निष्कर्ष काढतो आणि मग निरीक्षण करतो. बोटांखाली होते : किसन सोडा.

हवा भरपूर होती. भोवळ नव्हती, भीती नव्हती. मी विचार केला — हे मुद्दाम लिहिते, कारण घाबरून घडले असे म्हणण्याची सोय मला नको आहे. बाबांचा चेहरा आठवला, आबांचा फोटो आठवला, आणि त्याहून स्पष्टपणे निवडीची मुलाखत आठवली. मग मी ती बाटली कठड्याच्या पूर्वेकडच्या दगडाखाली सरकवली, वरून गाळ ओढला आणि दोरीला हिसका दिला. एक. क्षणभर थांबले. मग दुसरा.

खोटे बोलायला तोंड लागते, असे मी तोवर समजत होते.

कौसल्याबाईंना मी स्वतः जाऊन सांगितले : नाव असलेली बाटली सापडली नाही. “बरं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला चहा दिला. मी तो प्यायले. वाचनालयात आबांचा फोटो लागला. कौसल्याबाई एकदा आल्या, मांडणीपुढे उभ्या राहिल्या आणि गेल्या. मागे कुणीतरी म्हणाले, “बुढीले आपल्या बापाचं भलतंच कौतुक.” लोक हसले. मी बाटल्या पुसत होते, पुसत राहिले. मुलाखतीत विचारले गेले, एखाद्या बाटलीवर अक्षरे आहेत का? मी उत्तर दिले, नाहीत. जागा मला मिळाली.

एका माणसाच्या हातचे पाणी गावाने नाकारले होते. त्याने स्वतःचे नाव काचेत पाडून घेतले, आणि ते मी गाळात पुरले. याला दुसरा शब्द आहे का? मी शोधला. नाही.

उद्या सकाळी हे सारे मी कौसल्याबाईंपुढे वाचणार आहे, आणि नंतर बाबांपुढे. या क्रमात बदल होणार नाही. त्यानंतर वाचनालय, त्यानंतर माझी संस्था. तिथे जे ठरेल ते ठरेल. मग मी पाण्यात उतरेन. दोर बाबांनी धरला तर बाबा, नाहीतर दुसरे कुणी. पण मी पोहोचण्याआधी कुणाला उतरायचे असेल, तर वाट अवघड नाही : बुडालेला बाजारचौक, विहिरीचा कठडा, पूर्वेकडचा दगड. मनगटावरच्या यंत्राने त्या मिनिटाला दाखवलेली खोली मी कोणत्याही अहवालात दिली नव्हती. ती इथे देते.

६.८ मीटर.