जा आणि या

जपानी शिकायला मी जर्मनीला निघाले तेव्हा काका म्हणाला, "अगं, याला द्राविडी प्राणायाम म्हणतात." घरात हशा पिकला. मीही हसले, कारण त्याचं काही चुकत नव्हतं. पुण्यात मी जर्मनमध्ये एम. ए. करत होते आणि जपानीच्या दोन परीक्षा हौसेनं दिल्या होत्या. एक्सचेंजची जागा निघाली ती बॉनला. तिथल्या विद्यापीठात जपानी शिकवतात असं कळल्यावर मी अर्ज ठोकून दिला. जपान नाही तर नाही, जपानी तरी! वर्षभराची सोय होती, पण पहिल्या सत्रानंतर परत यायचं असेल तर तशीही मुभा होती. निघताना त्या मुभेकडे मी लक्षसुद्धा दिलं नव्हतं. पुढे तिचाच जप करत बसले.

हॉस्टेलमध्ये खोली मिळाली नाही, म्हणून एका बाईंच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मुलगा हांबुर्गला. शिस्त अशी की विचारू नका. भर थंडीत सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून घरात हवा खेळवायची. हिरव्या बाटल्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. आणि रविवारी त्या टाकायला जायचं नाही, खळ्ळकन आवाज होतो, शेजाऱ्यांचा रविवार बिघडतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी निघताना मी स्वयंपाकघरात डोकावले आणि म्हटलं, "इश कोमं!" म्हणजे 'येते हं!' शब्दाला शब्द. आता जर्मनमध्ये 'मी'ला 'इश' म्हणतात, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य लाजल्यासारखं 'इश्श'नं सुरू व्हायचं, ती गंमत वेगळीच. तर मी म्हटलं 'येते', आणि बाई आतून म्हणाल्या, "या."

हे 'या' म्हणजे त्यांचं 'हो'. लिहिताना इंग्रजीतलं जे आणि ए, म्हणजे आपण वाचायला गेलो तर 'जा'. लिहायचं जा आणि म्हणायचं या! पुण्याला आमच्या वर्गात यावरून फार खिदळणं व्हायचं. पण त्या सकाळी मी खिदळले नाही. परक्या देशात दुसऱ्याच दिवशी कोणीतरी मला निघताना 'या' म्हणालं, एवढंच माझ्या कानांनी घेतलं. मी अगदी खुशीत बस पकडली.

संध्याकाळी परत आले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप मांडलेले, एका ताटलीत केक, आणि बाईंचं तोंड हे एवढं. "तुम्ही येते म्हणालात. मी हो म्हणाले. कॉफी केली. आणि तुम्ही दार लावून निघून गेलात!"

कप्पाळ! मी समजावत बसले. आमच्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हटलं तर परत येणं होत नाही असं मानतात. कोणी चुकून म्हणालंच तर आई लगेच टोकते, जाते म्हणू नये, येते म्हणावं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तुम्ही तर जाताय!"

त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी निघताना 'च्युस' म्हणायला लागले. 'च्युस' म्हणजे टाटा. त्यात ना जाणं, ना येणं.

घरी, म्हणजे पुण्याला, दार उघडणारा माणूस विचारतो, "आलीस?" इतका निरर्थक प्रश्न जगात दुसरा नसेल. समोर उभी आहे, चप्पल काढतेय, आलेच की! त्या प्रश्नावर मी कितीदा तरी खेकसले असेन. बॉनमध्ये मला तो ऐकायला मिळेना. दार माझं मी उघडायचं, दिवा माझा मी लावायचा. बाई त्यांच्या खोलीत बातम्या बघत असायच्या. वर जाऊन मी हीटरला पाठ लावून बसायचे आणि आईला फोन करायचे. "जेवलीस का?" "जेवले." "काय जेवलीस?" इथे मी ब्रेड आणि काकडीचं जेवण जरा फुगवून सांगायचे. विद्यापीठात मराठी मुलं नव्हती असं नाही. पण ती सगळी इंजिनिअरिंगवाली, शनिवारी एकत्र जमून मिसळ करायची. मी एकदा गेले. "जपानी? इथे? का?" असं तिघांनी विचारलं. पुन्हा काही मी गेले नाही, आणि तेही काही माझ्यावाचून अडून बसले नाहीत.

राहता राहिला जपानीचा तास. शिकवणाऱ्या बाई जपानच्या, शिकवायच्या जर्मनमधून. वर्गातली पोरं जर्मन, जपानी कार्टून बघून बघून आलेली, उच्चार माझ्यापेक्षा झकास. पण व्याकरण आलं की त्यांची दातखीळ बसायची. एकदा बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'ताबेते मिरु'. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. "खाणे आणि बघणे यांचा इथे काय संबंध?" एक मुलगा वैतागून म्हणाला. अरे बाबा, खाऊन बघ! चव घेऊन बघ! याहून सोपं काय असतं? पुढच्या तासाला 'घेऊन ठेवणे' निघालं, तेही जसंच्या तसं. क्रियापद शेवटी, 'वर', 'खाली', 'साठी' सगळं शब्दाच्या मागून. मी मनातल्या मनात मराठी बोलत होते आणि जपानी आपोआप बरोबर येत होतं. त्या शहरात मला मराठी भेटायची ती एवढीच, आणि तीही जपानीच्या वेषात.

मग एका तासाला आलं घरातून निघताना म्हणायचं वाक्य. 'इत्ते किमास'. जर्मनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर करून दाखवलं तसा वर्ग हसला. "आधी जातो मग येतो? पण तो तर नुसता जातोय!" आणि घरात राहणाऱ्यानं काय म्हणायचं? 'इत्तेराशाय'. जाऊन या.

जाऊन येते. जाऊन या. माझे डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी वाकून दप्तरात पेन शोधत राहिले. बाजूला कोणी आपलं असतं तर मी त्याला चिमटाच काढला असता. संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, हो? बरं, तू जेवलीस का?"

न राहवून मी घरमालकीणबाईंना सांगितलं की बघा, जपानी लोकसुद्धा जाऊन येते असंच म्हणतात. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे चुकणारे दोन देश झाले." मी हसले, पण वर जाऊन मला हुंदकाच फुटला. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की मी निघाले की कोणीतरी आतून 'ये' म्हणावं. ते तिथे मिळणार नव्हतं. जानेवारी लागला तेव्हा मी ठरवून टाकलं: बास झालं, सत्र संपलं की परत. आईला कळवलं. विभागात महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं, तेवढं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात बाई घसरल्या. अंगणातल्या पायरीवर रात्रीचा बर्फ गोठला होता, सकाळी कचऱ्याचा डबा ढकलत न्यायला गेल्या आणि पडल्या. मी वरून ऐकलं, धावले. खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत मी माझी रजई त्यांच्या अंगावर घालून बर्फातच बसले. चेहरा पांढराफटक पडलेला, पण तोंड चालूच: वरची खिडकी लावा, डबा फाटकाबाहेर न्या, आज कागदाचा कचरा उचलायचा दिवस आहे. मग त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. गाडीच्या दारापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इश कोमं."

त्या तर जात होत्या! येते आणि जातेमधला फरक मला शिकवणाऱ्या बाई.

"या," मी म्हटलं. जर्मनमध्ये नाही, मराठीत. घरातलं कोणी मोठं माणूस निघालं की आपण म्हणतो तसं. त्यांनी मान हलवली. त्यांना कुठलं ऐकू आलं ते मला माहीत नाही. गाडी गेली, आणि मी डबा फाटकाबाहेर नेला.

घर आता खरंच रिकामं झालं. आधी निदान बातम्यांचा आवाज तरी असायचा. सकाळ-संध्याकाळ मी सगळ्या खिडक्या उघडायचे, त्यांच्या खोलीच्यासुद्धा, आणि कुडकुडत उभी राहायचे. बाहेरून आले की जिन्यापाशी उभी राहून मोठ्यानं म्हणायचे, "तादाइमा." जपानी लोक घरी आले की म्हणतात ते, 'आले गं'. उत्तर द्यायला कोण होतं? मी मुळूमुळू रडायचे आणि मग काकडी चिरायला घ्यायचे.

महिनाअखेर आली. विभागातल्या बाईंनी विचारलं, "तर तुम्ही जाताय ना?" मी तोंड उघडलं आणि 'नाही' म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. पण मी 'या' म्हटलं होतं ना! 'या' म्हणणाऱ्या माणसानं घरात असायला नको? आईला फोनवर हे सांगताना माझी त्रेधा उडाली. "त्या बाईंसाठी थांबतेस? त्या कोण लागतात तुझ्या?" मी पायरीचं, बर्फाचं सगळं पुन्हा सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. त्या आल्या की त्यांना गरम वरणभात घाल."

त्या आल्या नाहीत. मार्चमध्ये मुलगा एकटाच आला आणि जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, आईला हे आता जमणार नाही. तिची सोय वृद्धाश्रमात केली आहे, घर उन्हाळ्यानंतर विकायचं. तुम्ही तोवर राहा. तो भला माणूस होता, पण मला इतका राग आला! येते म्हणाल्या होत्या त्या. मी त्यांच्या भरवशावर थांबले आणि त्यांनी मला फसवलं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत राहिलं. मुलानं पत्ता दिला होता, पण दोन रविवार मी वृद्धाश्रमात भेटायला गेलेच नाही.

मग गेले. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, बारीक झालेल्या. मला बघताच म्हणाल्या, "इथे कोणी खिडक्या उघडत नाही." मी उठून खिडकी सताड उघडली. कॉफी आली, केक आला. डबा नेला का, बाटल्या नीट वेगळ्या केल्या का, सगळं त्यांनी विचारलं. जपानीची परीक्षा कशी झाली तेही विचारलं. घराचं त्यांनी काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. जेवणाची घंटा वाजली तशी मी कोट घातला. दारापाशी गेले आणि च्युस म्हणायचं तर माझ्या तोंडून निघालं, "इश कोमं."

मला वाटलं, आता म्हणणार, पण तुम्ही तर जाताय. त्यांनी कप बशीत ठेवला.

"या," त्या म्हणाल्या.

ते जर्मनमधलं 'हो' होतं, एवढं काय मला कळत नाही? पण मी ते मराठीतच ऐकलं, आणि पुढच्या रविवारी परत गेले.