पुढे दिलेलं कापड

विनिता हुपरीकर इचलकरंजीहून परदेशात, टाकानिनीला मुलाच्या नव्या घरी राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्या दुसऱ्याच्या घरात शिरल्या. माझ्या मते यात त्यांची पूर्ण ओळख आली, तरी जरा सविस्तर सांगते.

आमच्या वसाहतीत सगळी घरं एकाच साच्यातली. करडी भिंत, काळं दार, दाराशी गवताचा वाफा. विनिताताई भाजी घेऊन परतल्या, दार उघडं दिसलं म्हणून आत गेल्या, मेथी ओट्यावर ठेवली आणि चहाला भांडं शोधू लागल्या. भांडी जागेवर नव्हती. "सुनेनं पुन्हा मांडणी बदलली वाटतं," असं पुटपुटत वळल्या, तर सोफ्यावर डोक्याला रंगीत फडकं बांधलेल्या एक उंच, वयस्क बाई त्यांच्याकडे शांतपणे बघत बसलेल्या.

"चहा मलाही टाक," त्या बाई इंग्रजीत म्हणाल्या. "साखर वरच्या कप्प्यात आहे."

या इया. नायजेरियातल्या अबेओकुटा शहरातल्या, योरुबा. मुलगी येटुंडे इथल्या एका इस्पितळात नर्स. तिकडे बाईला मुलाच्या नावावरून ओळखतात, म्हणून या 'इया येटुंडे', येटुंडेची आई. विनिताताईंना हे फारच ओळखीचं वाटलं. इचलकरंजीच्या त्यांच्या आळीत त्या पंचवीस वर्षं 'शुभमची आई' होत्या, आणि खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. येटुंडे ड्यूटीवर गेली की दुपारी त्या इयांकडे जायच्या हे ठरूनच गेलं. विनिताताईंचे यजमान बाळराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, तोंडात येणाऱ्याजाणाऱ्याला 'किया ओरा', हा इथला नमस्कार. ते मला म्हणाले, "हिला शेजार लागतो हो. जेवणाआधी लागतो."

मी त्याच रस्त्यावर राहते. त्या दुपारच्या बैठकांना पुष्कळदा मीही असे, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

दोघींचा आवडता विषय एकच: साहेबानं कुणाच्या गावाचं जास्त वाटोळं केलं. विनिताताईंच्या वडिलांचे चार माग होते, त्यामुळे कापडाच्या बाबतीत त्या कुणाला हार जात नसत. इयांची आई रंगारीण होती, निळीत कापड रंगवणारी.

"आजीच्या वेळी आमच्याकडे सूत गावातच कातायचे, कापड गावातच विणायचे," इया सांगत. "जाड, दणकट. मग रेल्वे आली. रेल्वेतून इंग्रजांच्या गिरणीचं पातळ पांढरं कापड आलं. विणकर बसले आणि रंगारणी उठल्या."

"आमच्याकडे दोघंही बसले," विनिताताई म्हणत, जरा अभिमानानंच.

"पातळ कापडावर नक्षी बारीक उठायची. लांबून लांबून व्यापारी यायचे. जिला काल कुणी विचारत नव्हतं तिनं घरावर पत्रे घातले. नवऱ्यानं नाही हं, तिनं."

"आणि नवरा काय करत होता?"

"पत्र्याखाली बसत होता."

दोघींनी एकदम दाराकडे पाहिलं. बाळराव चार वाजताच्या चहासाठी बायकोला शोधत आले होते. ते 'किया ओरा' म्हणाले आणि परत गेले.

पुढची गोष्ट इया अशी सांगत. आधी पानं कुजवून, राखेचं पाणी गाळून, दिवसचे दिवस राखण करून नीळ तयार व्हायची. मग परदेशातून डब्यातली नीळ आली आणि सोबत कॉस्टिक सोडा. सकाळी डबा उघडावा, संध्याकाळी कापड वाळत. गावात जो तो रंगारी झाला. घाईचं कापड लवकर विरू लागलं, व्यापारी रागावले, त्यातच जगभर मंदी आली. अबेओकुट्याच्या राजानं डब्यावर बंदी घातली, तेव्हा अर्ध्या बायका डब्यावर चिडल्या आणि अर्ध्या राजावर. पुढे बायकांवरच्या कराविरुद्ध सगळ्या राजवाड्यासमोर जाऊन बसल्या, गाणी म्हणत.

"मी आईच्या पाठीला बांधलेली होते," इया म्हणत. "ते आंदोलन मी झोपून केलं."

"मग तुम्ही शिकलात का रंगवायला?" मी विचारलं.

"मी? आई म्हणाली, निळे हात माझ्यापुरते पुरेत. कापड विकून तिनं मला मिशनच्या शाळेत घातलं. मी रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट झाले. आमच्या पिढीतली एक मुलगी रंगाच्या मडक्यापाशी गेली नाही. आया जाऊच देत नव्हत्या."

त्या वर्षी इया ऐंशीच्या होणार होत्या. ओटाहुहुमध्ये एक हॉल ठरला. येटुंडेनं अबेओकुट्याहून कापड मागवलं, तिच्या आजीच्या नक्षीचं: मधे एक मोठा चंद्र, भोवती लहान लहान चंद्रांची वर्तुळं, सगळं गर्द निळ्यात. एका संध्याकाळी तिनं विनिताताईंच्या हातात दोन वार कापड दिलं. "आईच्या दिवसासाठी. हे तुमचं." विनिताताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि नीट घडी करून कपाटात ठेवलं.

आता आपल्याकडच्या कपाटातल्या कापडाचा धर्म मी तुम्हांला काय सांगावा! ओटीत आलेलं कापड शिवायचं नसतं. ते आल्या घडीनं ठेवायचं आणि आल्या घडीनं पुढे द्यायचं. माझ्याकडे एक मोरपिशी ब्लाऊजपीस आहे, तो मी दोनदा दिला आणि दोनदा मला मिळाला. यात कुणाचा अपमान नाही. उलट जितकं कापड सुंदर, तितका पुढच्या बाईचा मान मोठा.

चैत्र आला. इथे चैत्रात पानगळ असते, पण गौर ती गौर. विनिताताईंनी हळदीकुंकू केलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सँडरिंगहॅमहून प्रमोदिनी आली, त्यांची जुनी मैत्रीण, आमच्या इथल्या बायकांत सगळ्यांत आधी या देशात आलेली. तिला साधा ब्लाऊजपीस काय द्यायचा? विनिताताईंनी मन मोठं केलं आणि कपाटातली सगळ्यांत सुंदर गोष्ट काढून तिची ओटी भरली. प्रमोदिनी म्हणाली, "अगं, हे फार होतंय." विनिताताई म्हणाल्या, "असू दे गं." त्या रात्री त्या अगदी समाधानानं झोपल्या.

मे महिन्यात येटुंडे सहज विचारायला आली. "तुमचं शिवून झालं ना? की नेसणार आहात? आमच्यात त्या दिवशी घरचे सगळे एकाच कापडात असतात. ज्यांच्या अंगावर ते कापड, ते आईच्या मागे रांगेत उभे राहतात. मी मोजूनच मागवलं होतं, पण आई म्हणाली, पहिलं विनिताचं बाजूला काढ."

विनिताताई "हो, हो" म्हणाल्या. दार लागताच म्हणाल्या, "अरे देवा, ते तर मी प्रमोदिनीच्या ओटीत घातलं!"

नात जुई सोफ्यावर फोन बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आजी, यू री-गिफ्टेड इट?"

"गप गं! आमच्यात त्याला देणंघेणं म्हणतात."

"दॅट्स री-गिफ्टिंग, आजी."

दुसऱ्या दिवशी बाळरावांनी गाडी काढली. मी मागे बसले. विनिताताई वाटभर काय बोलायचं याची तालीम करत होत्या. "म्हणेन, फोटो काढायचाय. म्हणेन, नक्षी उतरवून घ्यायचीय."

"म्हण, चुकून दिलं," बाळराव म्हणाले.

"अहो, ओटी काय चुकून भरतात?"

प्रमोदिनीनं दार उघडलं, चहा ठेवला, आणि विनिताताईंची तालीम सुरू व्हायच्या आत स्वतःच म्हणाली, "ते निळं कापड काय सुंदर होतं गं! मला ठेववेना. माझ्या भाचीला, सिद्धीला दिलं, तिच्या लेकीच्या बारशाला."

"बारशाला शोभा आली म्हणायची," विनिताताई बारीक आवाजात म्हणाल्या. प्रमोदिनीचा राग कसा करणार? तिनं तेच केलं होतं जे त्यांनी केलं होतं, तेही त्यांच्यापेक्षा लवकर.

सिद्धी ओटाहुहुला राहते. गाडीत बाळरावांनी धीर दिला. "घाबरू नकोस. ओटीचं कापड आहे. कपाटात घडी घातलेलं असणार. आपल्या बायकांनी कधी शिवलंय का?"

सिद्धीनं शिवलं होतं.

तान्ही श्रिया त्यावरच झोपली होती. कापडाचे चार तुकडे करून, आत मऊ जुनी साडी घालून दुपटं केलेलं. मोठा चंद्र मधोमध कापलेला, अर्धा उशाकडे, अर्धा पायांकडे. "काकू, इतकं मऊ कापड इथे मिळत नाही हो," सिद्धी कौतुकानं सांगत होती. "ही दुसऱ्या कशावर झोपतच नाही."

विनिताताईंनी वाकून बघितलं. श्रियानं लहान चंद्रांपैकी एक मुठीत धरला होता. "छान केलंस," त्या म्हणाल्या. बाळराव घाईनं म्हणाले, "आम्ही सहजच आलो होतो, इकडून जात होतो." टाकानिनीहून सँडरिंगहॅममार्गे ओटाहुहुवरून सहज कुणी जात नाही, पण सिद्धीला तेव्हा झोपेपुढे भूगोल सुचत नव्हता.

परतताना विनिताताई रडल्या. "पहिलं माझं बाजूला काढायला सांगितलं हो त्यांनी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. घरी न जाता त्या सरळ इयांकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

इयांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या आईची नक्षी होती ती."

"हो."

"तुला आवडली नव्हती?"

"आवडली म्हणून तर दिली! आमच्यात चांगलं कापड पुढे देतात."

"आणि वाईट कापडाचं काय करता?"

खोटं बोलणं विनिताताईंना जमत नाही. "तेही पुढेच देतो."

इयांचा खांदा आधी हलला. मग त्या इतक्या हसल्या की डोक्याचं फडकं सैल झालं. ते नीट बांधून झाल्यावर मात्र चेहरा पुन्हा कडक केला. "बाजारात आमच्या आयांचा नियम होता. ठरलेल्या कापडाशिवाय आलीस तर दंड. तुला दंड आहे. तू स्वतः रंगवायचं. मी शिकवीन."

"पण तुम्ही तर टायपिस्ट होता ना?"

"मी आईकडे बघत होते," इया म्हणाल्या. "चौदा वर्षं बघितलं. तेवढं पुरे."

रंगाला शुद्ध सुती पांढरं कापड हवं. दोन्ही घरांतल्या चादरी बघितल्या, सगळ्या मिश्र धाग्याच्या. शेवटी खरं सुती कापड एकच निघालं: बाळरावांचं धोतर, शुभमच्या लग्नातलं. बाळराव म्हणाले, "घ्या, घ्या. स्वीट ॲज, काही हरकत नाही." पण दिल्यावर इयांच्या गॅरेजच्या दारात उभं राहून बघत बसले, मुलगी सासरी जाताना बघावं तसे.

नक्षीसाठी कापडात काहीतरी बांधायचं असतं, म्हणजे तिथे रंग लागत नाही आणि पांढरं वर्तुळ उरतं. "काय बांधायचं?" विनिताताईंनी विचारलं.

"लहान, गोल, टणक काहीतरी. घरात काय आहे?"

घरात हरभरे होते. दोघींनी गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून एकेक हरभरा दोऱ्यानं आवळला. मोठ्या चंद्रासाठी इयांनी कापडाच्या चुण्या केल्या, मग त्या उलट्या केल्या, मग पुन्हा सुलट्या. दुकानातून आणलेल्या निळ्या रंगाच्या पुडीकडे त्यांनी नाखुशीनं पाहिलं. "राजानं बंद केला तो डबा हाच, बरं का."

"इथे राजा येत नाही," विनिताताई म्हणाल्या आणि पुडी बादलीत ओतली. हातमोजे इयांनी घातले नाहीत. विनिताताईंनी आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "आईनं मला एकदाही हात घालू दिला नाही. आता कोण अडवतंय?" आणि कोपरापर्यंत हात बुडवले.

रंग गडद चढावा म्हणून बादली तशीच ठेवली. सकाळी बघतात तर हरभरे फुगलेले, निम्मे दोरे तुटलेले, आणि बादलीत निळे हरभरे तरंगताहेत. बाळरावांनी डोकावून विचारलं, "आज उसळ आहे का?"

"तुमच्या आई काय बांधायच्या?" विनिताताईंनी विचारलं.

इयांनी आठवलं. "खडे."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तू विचारलंस, घरात काय आहे म्हणून."

"मी नाही, तुम्ही विचारलंत!"

हा वाद अजून मिटलेला नाही.

कापड वाळलं. लहान चंद्र काही गोल, काही फुटलेले, काही एकमेकांत मिसळलेले. मोठा चंद्र तर तळताना दुमडलेल्या पापडासारखा. विनिताताईंनी ते पदरासारखं खांद्यावरून घेतलं, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "मी मागे बसते. रांगेत नको."

हॉल गच्च भरलेला होता. पन्नासेक बायका एकाच गर्द निळ्यात, डोक्यावर तशीच फडकी, सगळे चंद्र गोल. इया मधल्या खुर्चीत. विनिताताई खरोखरच शेवटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. येटुंडेनं त्यांच्या खांद्यावरच्या कापडाकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे पाहिलं. इयांची नखं अजून निळी होती आणि येटुंडेनं आणलेलं नेलपॉलिश त्यांनी लावू दिलं नव्हतं. येटुंडे विनिताताईंना हाताला धरून रांगेत घेऊन आली.

फोटो काढणारा मुलगा नेटका होता. "मॅडम, तुमचं कापड वेगळं आहे. तुम्ही जरा टोकाला थांबाल का?"

विनिताताई लगेच टोकाकडे निघाल्या.

"तिला हलवू नकोस," इया मोठ्यानं म्हणाल्या. "या सगळ्यांनी विकत घेतलंय. हिचं एकटीचं आमच्या घरी रंगलंय. माझ्या आईच्या पद्धतीनं." मग जरा थांबून, कारण त्याही खोटं बोलत नाहीत, "जवळजवळ."

विनिताताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. इयांनी मागे हात नेऊन त्यांचा हात धरून ठेवला. फोटो झाला. मागून एक बाई वाकून विनिताताईंचं कापड चाचपत कुजबुजली, "पोत चांगला आहे. हे कापड कुठे मिळतं?"

"माझं आहे ते," भिंतीपाशी उभे असलेले बाळराव म्हणाले.