दिगूची सगळ्यात मोठी मॅच कुठली?

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या ओट्यावर दोन मोठी माणसं भुईमुगाच्या शेंगा मांडून कडाकडा भांडली. ऐकणारी मी एकटीच… आणि निकालही मीच द्यायचा होता.

भांडण माझ्या धाकट्या भावावरून. दिगू आट्यापाट्या खेळायचा. आधी इथल्या तालमीकडून, मग पुण्याला कॉलेजच्या टीमचा कॅप्टन म्हणून. विषमज्वरानं तो गेला, त्याला आता काही वर्षं झाली. तालमीत नुकतेच विजेचे दिवे आले, तेव्हा तिथल्या भिंतीवर त्याचा फोटो लावायचं ठरलं. फोटोखाली पेंटर एकच ओळ लिहिणार होता… त्याच्या सगळ्यात मोठ्या विजयाची.

ती ओळ कुठली, यावर त्याचे दोघे जिवलग मित्र अडून बसले. केशव मास्तर कॉलेजात त्याच्याबरोबर खेळलेले. नरसय्या इथला, विणकराच्या घरातला, लहानपणापासूनचा जोडीदार. शेवटी दोघंही म्हणाले, बहिणीला विचारू.

खरं सांगते, निकाल द्यायला मला काय ठाऊक? दिगूला मी न्हाऊ घातलंय, भरवलंय, सुजलेल्या घोट्याला हळदीचा लेप लावलाय… पण खेळताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही. आमच्याकडे बायका मैदानावर जात नसत. तो जिंकलाय की हरलाय हे मला कळायचं ते दारातून आत येताना त्याच्या चालण्यावरून.

ते आले म्हणून भाजलेल्या शेंगांची टोपली पुढे ठेवली. मास्तरांनी खाण्याऐवजी त्या ओट्यावर मांडायला सुरुवात केली.

"हे बघा ताई, या आडव्या पाट्या. प्रत्येकीवर एक गडी, पलीकडच्यांना अडवायला. आणि मधून ही उभी जाते ती सूरपाटी. तिच्यावरचा तो सूर. सगळा खेळ त्याच्यावर." मग त्यांनी टोपलीतून तीन दाण्यांची एक लांब शेंग शोधून मध्ये ठेवली. "हा आपला दिगू."

मास्तरांची मॅच पुण्याची, फायनलची. समोरचा सगळ्यात चपळ गडी सगळ्या पाट्या ओलांडून शेवटापर्यंत गेला, परत फिरला. सुखरूप बाहेर पडला असता तर लोण झालं असतं, म्हणजे मॅच त्यांची. दिगू त्या टोकापासून या टोकापर्यंत धावला आणि अगदी पहिल्या पाटीपाशी त्याच्या पाठीला हात लावला…

"ह्यॅ!" नरसय्या उसळला. "एका गड्याला शिवलं तर मोठी मॅच व्हय? हितं गोऱ्या सायबानं मार्शल लॉ लावला, त्येच्या आदल्या उन्हाळ्यात मिलच्या गड्यांशी गाठ होती, अक्का. लई दांडगे. तिघांना कोपऱ्यात कोंडलं बघा दिगूनं. वेळ संपस्तोवर एक हलला न्हाय."

"त्या कोपऱ्यातली पाटी तू धरली होतीस ना? म्हणून ती मॅच मोठी!"

"आन् फायनलला तुमी काय केलं ते सांगा की अक्काला! तो चपळ गडी तुमालाच हूल देऊन निसटला होता. तुमी सोडला, म्हणून दिगूला पळावं लागलं!"

मास्तर लालबुंद झाले. हाताला लागली ती शेंग उचलून त्यांनी फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

नरसय्या ओट्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर… सूर खाल्ला तुमी."

मास्तरांना चावताही येईना, थुंकताही येईना. त्यांचा तो चेहरा बघून मला हसू फुटलं. खूप हसले… आणि मग डोळ्यांतलं पाणी थांबेना.

मी टोपलीतून तशीच एक लांब शेंग शोधली, मध्ये ठेवली. म्हटलं, "हं. तो गडी परत फिरला तेव्हा दिगू कुठं होता?"

मग मी विचारत गेले. धावताना ओरडायचा का? पडला का? मास्तर म्हणाले, "ओरडत नसे. जिभेचं टोक दातांत धरून पळायचा." नरसय्यानं लगेच मान डोलावली… आणि मला आठवलं, लहान असताना मला सुईत दोरा ओवून देतानाही दिगू असंच करायचा. क्षणभर मला तो दिसला. धुळीत, भर उन्हात, जीभ चावून धावणारा.

"मग ताई, कुठली लिहायची?" मास्तरांनी विचारलं.

तेव्हा कळलं, मला निकाल द्यायचाच नव्हता. ओळ एकदा रंगवली की वाद संपला. मग ही दोघं माझ्या ओट्यावर कशाला बसतील? रस्त्यात भेटली तर नमस्कार करतील आणि पुढे जातील…

म्हटलं, "मला अजून नीट समजलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा सांगाल?"

"अहो, पण पेंटर उद्याच…" मास्तर सांगू लागले. नरसय्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पेंटर काय पळून जातोय व्हय, मास्तर?"

फोटो लागलाय. खाली नुसतं नाव आहे. तालमीतली माणसं विचारतात, तेव्हा दोघंही माझ्याकडे बोट दाखवतात… ताईचं अजून ठरत नाही म्हणून.

परवाच्या रविवारी नरसय्या वहाणा काढायच्या आधीच म्हणाला, "अक्का, बार्शीची मॅच आमी दोघंबी इसरलो होतो बघा!"

बार्शीला दिगू कधी खेळला, हे मला माहीतच नव्हतं. माणूस गेला की त्याचं नवं काही मिळत नाही, असंच मी धरून चालले होते… त्या दुपारी मला माझ्या भावाचा एक अख्खा दिवस मिळाला. दोघांचं भांडण असंच चालू राहो.