मांडीवरचं गाठोडं

एल आल्तोच्या पठारावर नाचणाऱ्यांचे पोशाख भरणाऱ्या बायका पुष्कळ, पण इलारिया कोल्केच्या हातची फुलं लांबून ओळखू यायची. जरीच्या तारेने ती पाकळी अशी उचलून धरायची, की हात लावून बघावंसं वाटे. बोटं सुईने इतकी टोचलेली असत, की लिंबू पिळताना ती तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायची. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी एल्वा डोंगरापलीकडे, चिलीतल्या अझापाच्या खोऱ्यात टोमॅटोच्या मळ्यांवर कामाला लागली. तेव्हापासून गेली अठरा वर्षं इलारिया दर दोन-तीन महिन्यांनी तिकडच्या आरिका शहराच्या बसमध्ये बसत आली होती. भरलेल्या शाली तिकडे विकायच्या, लेकीला भेटायचं आणि परत यायचं.

त्या बसची एक रीत होती. सरहद्दीच्या नाक्यावर माणसामागे थोडकंच सामान सोडत. जास्त दिसलं की व्यापारी म्हणून बाजूला काढत आणि अख्खा दिवस खात. म्हणून साहामा डोंगराचं पांढरं टोक खिडकीत दिसू लागलं की गाडीत वाटणी सुरू व्हायची. ज्याच्याकडे जास्त त्याने शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं. साहेबाने विचारलं तर ज्याच्या मांडीवर त्याचं. खरा मालक खेटून बसलेला असला तरी त्याने सरळ सांगायचं, "माझं नाही." नाका मागे पडला, घाट उतरताना पहिल्या टपरीपाशी गाडी थांबली, की ज्याचं त्याला परत. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. अठरा वर्षांत कुणाचा एक मोजा हरवल्याचं इलारियाला आठवत नव्हतं. वर त्या हाडं गोठवणाऱ्या उंचीवर दुसऱ्याच्या गाठोड्यांनी गुडघे उबदार राहायचे, ते वेगळंच.

सुरुवातीला हे खोटं बोलणं तिला बोचायचं. एकदा तिने पाद्रीबाबांना सांगितलंही.

"त्यात कुणाचं काही जातं का?" बाबांनी विचारलं.

"सरकारचं जात असेल, बाबा."

बाबा जरा खोकले. "तीन वेळा प्रार्थना म्हण आणि घरी जा."

मागच्या वर्षी एल्वा मळ्याच्या ट्रकमधून खाली पडली. चार दिवस शुद्धीवर आली नाही. इलारियाने इकडे घरात दिवा लावला आणि मेरीमातेला, सगळे जिला मामिता म्हणतात तिला, नवस बोलली: पोर उठू दे, तुला माझ्या हाताने शेला भरीन आणि माझ्या हातानेच तुझ्या खांद्यावर घालीन. पाचव्या दिवशी एल्वाने पाणी मागितलं.

शेल्याला आठ महिने लागले. निळ्या मखमलीवर लाल-पिवळी कांतुताची फुलं, काठाला जर. अस्तराच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिने एल्वाचं जावळ शिवलं. ते जावळ कापलं होतं पास्तोरा लिमाचीने. जिच्या हातून मुलाचं जावळ उतरतं ती आईची जन्माची कोमाद्रे होते, सख्ख्या बहिणीहून जवळची. पास्तोराचं एल आल्तोत कापडाचं दुकान होतं, आरिकातही नातलग होते, आणि यंदा अझापातल्या मजुरांच्या चॅपेलमधल्या उत्सवाचं यजमानपण तिच्याकडे होतं. दोघी एकाच बसने निघाल्या.

निघताना ड्रायव्हर सेवेरोने रीतीप्रमाणे चाकांपाशी धरणीला चार थेंब दारू शिंपडली. नाका जवळ आला तसे सगळे संत्री सोलू लागले. फळं पलीकडे जाऊ देत नाहीत, आणि टाकून द्यायचं पाप कोण घेणार? गाडीभर सालींचा वास.

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नेमेसिओने लोकरीच्या टोप्यांची पिशवी पुढे केली. "इलारियाबाई, घ्या मांडीवर. या वयात दुसरं कोण बसणार आहे तिथे!"

"तुम्ही आधी तोंडात संत्रं कोंबा," इलारिया म्हणाली आणि पिशवी घेतली.

तिच्या चार शाली झाल्या होत्या. त्यात जरीचा शेला दिसला असता तर साहेबाने सोडलं नसतं. पास्तोराने आपण होऊनच हात पुढे केला. "आण तो इकडे. मी यजमानीण आहे. माझ्याकडे शोभेल."

नाक्यावर सामान टेबलावर मांडलं. साहेबाने शेला उलगडला आणि बघतच राहिला. मग त्याने इलारियाच्या शाली पाहिल्या.

"हे काम एकाच हातचं दिसतंय. हा शेलाही तुमचाच ना?"

"नाही साहेब," इलारिया म्हणाली. "माझा नाही."

"माझा आहे," पास्तोरा म्हणाली. "मामिताला नेतेय."

साहेबाने टोपी जरा मागे सरकवली आणि शेला जपून परत दिला.

टपरीपाशी गाडी थांबली. टोप्या, मोजे, शाली, सगळं आपापल्या घरी गेलं. इलारियाने हात पुढे केला तर पास्तोरा म्हणाली, "अगं, घडी नीट बसलीये. आता कशाला मोडतेस? उतरल्यावर घे." त्यात इलारियाला काही वावगं वाटलं नाही. घाट उतरताना कानांत दडे बसले, रिकाम्या बाटल्या आपोआप चेपल्या, आणि डोक्याशी शालींची पिशवी घेऊन तिला डुलकी लागली.

आरिकाला पास्तोराचा भाचा गाडी घेऊन उभा होता. सामान उचलताना गडबड झाली. "चॅपेलमध्ये भेटूच," खिडकीतून पास्तोराने हात हलवला. शेला तिच्याबरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलारिया धुतलेली पोलेरा, सणाचा घेरदार घागरा, नेसून, हात स्वच्छ करून एल्वाबरोबर चॅपेलमध्ये पोचली, तेव्हा मामिताच्या खांद्यावर निळी मखमल होती. तिथले पाद्रीबाबा सांगत होते, "यंदाचा हा सुंदर शेला आपल्या यजमानीण पास्तोराबाईंनी अर्पण केला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडने सूर धरला.

"आई, हा तर तू भरलेला," एल्वा म्हणाली. "मी फोटोत पाहिलाय."

इलारिया गर्दीतून वाट काढत पास्तोरापाशी गेली.

"कोमाद्रे, हे काय केलंस?"

पास्तोराने हसरा चेहरा लोकांकडे ठेवूनच उत्तर दिलं. "माझा शेला शिवणाऱ्याने वेळेवर दिला नाही गं. यजमानीण रिकाम्या हाताने उभी राहिली असती तर तुला चाललं असतं? मामिताला शेला मिळाला, झालं की. किंमत सांग, देते."

"नवस होता माझा. माझ्या हाताने घालणार होते."

"मग काल साहेबापुढे 'माझा नाही' कोण म्हणालं? चाळीस माणसांनी ऐकलंय. आता मामितापुढे शब्द फिरवतेस?"

इलारियाने वळून पाहिलं. बसमधली निम्मी माणसं तिथेच होती. नेमेसिओ आपल्या बुटांकडे बघत होता. सेवेरो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, सोडून द्या. परवा याच लोकांबरोबर परत जायचंय. एकाचं उघडं पडलं की सगळ्यांचं पडतं."

अस्तर उसवा, आत माझ्या पोरीचं जावळ आहे, एवढं ती म्हणू शकली असती. शब्द ओठांवर आलेही. पण उत्सवाच्या दिवशी मामिताच्या अंगावरचं वस्त्र उसवायचं? तिने गुडघे टेकले. प्रार्थनेला शब्द सुचेनात. ज्या हाताने एल्वाचं जावळ कापलं, त्याच हाताने तिच्या जिवाचा नवस उचलून नेला, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

"तू बोलली का नाहीस?" एल्वा रात्रीच्या जेवणापर्यंत विचारत होती.

परतीच्या बसमध्ये पास्तोरा काही घडलंच नसल्यासारखी शेजारी येऊन बसली. वाटेत तिने चीज लावलेला पाव पुढे केला. इलारियाने तो खिडकीच्या कडेला ठेवून दिला. आता तपासणी आपल्याकडच्या नाक्यावर होती. पास्तोराने जुन्या कपड्यांची चार मोठी गाठोडी आणली होती. वापरलेले कपडे आणायला पक्की बंदी. त्यांतली दोन तिने नेहमीसारखी इलारियाच्या मांडीवर ठेवली. विचारलंही नाही. वरून नेमेसिओने छोट्या रेडिओंचं खोकं दिलं.

"सांभाळा हं," तो म्हणाला. त्याने नजर मात्र वर केली नाही.

साहेब गाडीत चढला. एकेक बाक बघत इलारियापाशी आला.

"हे खोकं?"

"माझं."

"आणि ही गाठोडी?"

गुडघे उबेला होते. बाहेर साहामा लख्ख उन्हात उभा होता. इलारियाने आवाज चढवला नाही.

"माझी नाहीत, साहेब."

साहेबाला आधी समजलंच नाही. लोक तर नेहमी 'माझं' म्हणतात. "मग कुणाची?"

"ते मला विचारू नका. माझी नाहीत."

"अगं कोमाद्रे, काय बोलतेस!" पास्तोराचा आवाज फाटला, आणि साहेब तिच्याकडे वळला. चारही गाठोडी खाली उतरली. पास्तोराही उतरली, कागदांवर सह्या करायला, रडत, शिव्या देत. काचेपलीकडून ती ओरडत होती, "जन्माची कोमाद्रे, आणि वैरीण निघालीस!"

गाडी अर्ध्या तासाने तिच्याशिवाय निघाली. पुढे अजून एक नाका होता. तिथवर सामान जिथल्या तिथे ठेवायची रीत. पण नेमेसिओ उठला, बाकांना धरत पुढे आला आणि इलारियाच्या मांडीवरून आपलं खोकं उचललं.

"तुमचं तर मी माझं म्हटलं, नेमेसिओबाबा," ती म्हणाली.

"म्हटलंत, बाई," तो म्हणाला. "आज म्हटलंत." आणि खोकं पोटाशी धरून मागे गेला.

त्याच्यामागून दोघी आल्या. एकीने तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी नेली, दुसरीने वरच्या फळीवरची. पठारावर वारा सुटला होता आणि खिडकीची काच नीट लागत नव्हती. इलारियाने शाल गुडघ्यांवर ओढली, तरी ऊब येईना. मग रिकाम्या मांडीवर हात जोडून ती मामिताशी बोलू लागली. शेला पोचला ना, एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती.