मांगेरेतल्या नायाच्या सोळा ओळी

ऑकलंडच्या विमानतळावर मला अडवलं ते माझ्या बुटांनी. फॉर्मवर विचारलं होतं, बुटांना माती लागली आहे का. मी खरं ते लिहिलं. 'किया ओरा' (इथला माओरी नमस्कार) म्हणत एका बाईंनी बूट काढून घेतले, आत नेले आणि दहा मिनिटांनी घासूनपुसून परत आणून दिले. तोवर मी मोज्यांवर उभी. परक्या मातीतलं एखादं बी किंवा कीड आत शिरू नये म्हणून हा देश एवढा जपतो. माणसं डोक्यात जे भरून आणतात, ते कुठे तपासतात? दोन दिवसांत उत्तर मिळालं. कुठेच नाही.

न्यायला सचिनदादा आला होता. माझा मावसभाऊ. इथे शिकायला आला, इथेच राहिला, आता ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत. ऊन, वारा आणि पावसाची सर एका तासात येऊन जातात.

"पंधरा दिवस आहेस, सुजे. भांडू नकोस कुणाशी," गाडीतच त्याने बजावलं.

"कारण मिळालं नाही तर नाही भांडणार."

"तुला कधी मिळालं नाही असं झालंय का?"

शनिवारी आम्ही सँडरिंगहॅमला गेलो. रस्ताभर आपली दुकानं. भाकरवडी, तूर डाळ, पेढे, सगळं आहे. लांबलांबून लोक गाड्या घेऊन येतात. संध्याकाळी दादाच्या घरी चार मित्र जेवायला होते. त्यातले एक पुण्याचे, आयटीतले. श्रीखंड वाढून घेता घेता ते मला इथलं जग समजावू लागले.

"देश मस्त आहे हो. फक्त साउथ ऑकलंडला घर घ्यायचं नाही. ती पॅसिफिक बेटांवरची हिपहॉपवाली पोरं. अमेरिकेतल्या काळ्यांची नक्कल. आईबाप चर्चमध्ये आणि पोरं गुंडगिरीत."

"त्यातली किती तुमच्या ओळखीची आहेत?"

"ओळखायला कशाला हवं? दिसतं की."

"आमच्या वस्तीबद्दलही लोकांना दिसायचं. हलगी वाजली की खिडक्या लावून घ्यायचे."

वहिनीने मला आणखी श्रीखंड वाढलं, म्हणजे गप्प बस. त्या गृहस्थांची तेरा वर्षांची मुलगी शेजारीच कानात इअरफोन घालून बसली होती. तिला हळूच विचारलं, काय ऐकतेस? तिने फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर अटलांटाचा एक रॅपर. "डोन्ट टेल डॅड," ती म्हणाली.

रात्रभर माझं डोकं तापलेलं होतं. मी सोलापूरची. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. चौकातल्या जलशात माणसं उभी राहून आपल्यावरचा अन्याय तालात सांगताना मी पाहिली आहेत, आणि त्याला धांगडधिंगा म्हणणारी माणसंही पाहिली आहेत. अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी दोन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायची यंत्रं) आणि एक माइक घेऊन तेच केलं. ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्यांनी बोलणं हाती घेतलं. पुण्याच्या गृहस्थांना हे ठाऊक नसेल तर निदान गप्प तरी बसावं.

सोमवारी दादा मला त्याच्या गोदामात घेऊन गेला. पिवळं चमकतं जाकीट चढवून मी कँटीनमध्ये बसले आणि गरम मिन्स पाय (खिमा भरलेली पेस्ट्री) घाईने चावून जीभ भाजून घेतली.

"असा खायचा नसतो तो. आधी वरून भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची," समोरचा माणूस म्हणाला. उंच, पन्नाशीकडे झुकलेला, दाढीत पांढरे केस. हा डेरिल. अमेरिकेतल्या मेम्फिसचा, काळा. सामोअन (पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या) बाईशी लग्न करून वीस वर्षांपूर्वी इथे आला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.

दादाने हसत हसत शनिवारची हकिकत त्याला सांगून टाकली. डेरिल माझी बाजू घेईल अशी माझी खात्री होती.

"तुझा तो पाहुणा अर्धा बरोबर आहे, सिस्टर," तो म्हणाला. "माझ्या घरात रॅप चालत नाही."

"तुमच्या? तुमच्याच लोकांनी जन्माला घातलेली गोष्ट आहे ती."

"म्हणूनच मला बोलता येतं."

मग त्याने सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा होता. आईने तीन मुलांना एकटीने वाढवलेलं. ती चर्चच्या गायकवृंदात होती आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने प्रार्थना करायची, शेजारच्या घरांनाही ऐकू जाईल अशी. डेरिलने तिची प्रार्थना तिच्याच आवाजाची नक्कल करत एका गाण्यात घातली आणि पुढे घाण ओळी जोडल्या. गाणं गावात गाजलं. एका रविवारी चर्चच्या आवारात कुणाच्या तरी गाडीतून ते आईच्या कानावर पडलं.

"ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना कुजबुजत करायला लागली. मरेपर्यंत."

"पण त्या घाण ओळी तुमच्याकडून लिहून घेणारं कुणीतरी असेल ना?"

"होता एक. स्टुडिओवाला. म्हणायचा, अजून घाण टाक, लोकांना तेच हवंय."

"मग गुन्हेगार तो आहे. तुम्ही नाही, संगीत तर नाहीच."

"तोंड माझं होतं," डेरिल म्हणाला आणि आपला उरलेला मिन्स पाय कागदात गुंडाळून उठला.

मला त्याचा राग आला. त्या स्टुडिओवाल्याचा दहापट आला. गरिबांच्या तोंडचा संताप उचलायचा, त्यातला व्यवस्थेवरचा भाग काढून टाकायचा, आईबहिणीवरचा ठेवायचा, आणि तोच पुन्हा गरिबांच्या पोरांना विकायचा. त्या गाण्यांतल्या बायकांवरच्या शिव्यांची वकिली मी करणार नाही. बाई म्हणून तर मुळीच नाही. पण त्यासाठी अख्ख्या पिढीचं तोंड बंद करणं हा कुठला न्याय?

जाता जाता डेरिलने येत्या रविवारचं आमंत्रण दिलं. ऑक्टोबरातला दुसरा रविवार म्हणजे सामोअन लोकांचा पांढरा रविवार. त्या दिवशी चर्च मुलांच्या ताब्यात असतं. पांढऱ्या कपड्यांत मुलं पुढे येतात आणि 'तौलोतो' (पाठ करून म्हणायची वचनं) म्हणतात. मोठे गप्प बसून ऐकतात. नंतरच्या जेवणात मोठ्यांनी मुलांना वाढायचं, मुलांचं होईपर्यंत उभं राहायचं. हे ऐकून मी खूश झाले. वर्षातून एकदा का होईना, बापांना उभं ठेवणारा सण.

"शनिवारी तयारीला ये. अळू चिरायला माणसं लागतात," तो म्हणाला.

मांगेरे हा साउथ ऑकलंडमधला, विमानतळाजवळचा भाग. बैठी घरं, बुटका ज्वालामुखी, प्रत्येक कोपऱ्यावर एक चर्च आणि एक डेअरी (किरकोळ दुकान). डेरिलची बायको सिना हिने दारातच मला मिठी मारली आणि हातात सुरी दिली. पालुसामी म्हणजे अळूची कोवळी पानं, आत नारळाचं घट्ट दूध आणि कांदा, पुडी बांधून भाजायची. आपल्याकडे अळू आणि नारळ दोन्ही आहेत, हे कुणाला सुचलं कसं नाही? डेरिल जादा शिफ्टला गेला होता.

गॅरेजमध्ये त्यांची मुलगी नाया कपडे वाळत घालत होती. सतरा वर्षांची, बापासारखी उंच. मुलांच्या रांगेत उभं राहायचं तिचं हे शेवटचं वर्ष. कपडे टांगता टांगता ती काहीतरी पुटपुटत होती, आणि ते स्तोत्र नव्हतं, ताल वेगळा होता.

"मोठ्याने म्हण की," मी म्हटलं.

तिने दार लोटलं आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर हाताने ठेका धरला. सोळा ओळी. तिने कधी न पाहिलेल्या आजीची प्रार्थना, खणखणीत आवाजात, बापाने बुडवलेली आणि पुढे त्यानेच तिला सांगितलेली. शिवी एकही नाही. बापाला सोडलेलंही नाही. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. तिने घेऊ दिलं.

"उद्या हेच म्हणणार?"

"फाइफेआऊ (धर्मगुरू) म्हणालेत, डॅड हो म्हणाला तर त्यांची हरकत नाही."

"का? तुझं तोंड, त्याला बापाची परवानगी कशाला?"

"परवानगी नाही मागत. मला त्याला आधी ऐकवायचंय. आज घरी आला की. एकट्याला."

हे वाक्य मी ऐकलं. आज ते शब्दन् शब्द लिहिते आहे म्हणजे नक्की ऐकलं. पण तेव्हा डोक्यात दुसरंच चालू होतं. बाप नाही म्हणेल आणि मुलगी उद्या निमूटपणे दिलेलं स्तोत्र म्हणेल. आणि नकार मोडायचा एकच मार्ग मला लहानपणापासून माहीत होता. कागद लोकांच्या हातात पडला की नाही म्हणणाऱ्याला अवघड जातं.

संध्याकाळी दादाच्या प्रिंटरवर मी साठ प्रती काढल्या. वर इंग्रजीत मोठं शीर्षक, 'तरुणांचा आवाज ऐका'. खाली, लोकांना संदर्भ कळावा म्हणून, दोन ओळी माझ्या: मेम्फिसच्या एका मुलाने आईच्या प्रार्थनेची टिंगल केली; हे त्याच्या मुलीचं उत्तर. त्याखाली नायाच्या सोळा ओळी.

"विचारलंस तिला?" दादाने एक प्रत वाचून विचारलं.

"चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?"

"इथे असं चालत नाही, सुजे."

"कुठेच चालत नव्हतं. म्हणून तर पत्रकं निघाली."

रविवारी सकाळी चर्चच्या दारात मी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कागद. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका हसून घेत होत्या, त्यांना कार्यक्रमपत्रिका वाटली. पस्तीसेक वाटून झाले आणि डेरिल आला. मी त्यालाही दिला. ताठ मानेने दिला.

त्याने वाचला. दोनदा वाचला. शिफ्टवरून तो उशिरा आला होता आणि नाया वाट पाहत झोपून गेली होती, हे मला नंतर कळलं. त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्यांना, वीस वर्षं त्याच्याबरोबर गाणाऱ्यांना, त्याच्या आईची गोष्ट ठाऊक नव्हती. आता ती सगळ्यांच्या हातात होती.

तो वळला. आत गेला आणि एकेका बाकाशी वाकून कागद परत मागू लागला. "माफ करा, हा माझा आहे." प्रत्येकाला हेच. तेवढ्यात मुलांच्या रांगेतून नाया बाहेर आली. पांढरा पोशाख, केसांत फूल.

"कुणी सांगितलं होतं तुला?" आवाज खाली ठेवूनच ती म्हणाली.

"तुला मदत म्हणून..."

"ते माझं होतं. आणि त्याचं. तुझं त्यात काय होतं?"

मीही बाकांवरचे कागद गोळा करायला लागले. काहींनी घडी घालून बायबलात ठेवले होते. ते मागताना जी लाज वाटली ती अजून जात नाही.

नायाने त्या दिवशी दिलेलं स्तोत्र म्हटलं. एकही चूक नाही, एकही चढउतार नाही. बापाकडे पाहिलं नाही. टाळ्या पडल्या. धर्मगुरू शेवटी म्हणाले की कागदाने घरं तुटतात, वचनाने जोडली जातात. मला त्यांचा भयंकर राग आला. तुम्ही बापाच्या होकाराचा अडसर घातला नसता तर? पण तो राग घेऊन उभं राहायला त्या दिवशी मला जागा उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती.

जेवण मागच्या हॉलमध्ये. निघून जावं म्हणून मी दाराकडे वळले, तर सिनाने दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. "पळतेस कुठे? ही पातेली कोण घासणार?"

खिडकीतून हॉल दिसत होता. मुलं लांब टेबलांशी बसली होती, मोठे वाढत होते. डेरिल नायाच्या पुढ्यात आला, ताट ठेवलं. कोंबडी, तारो (अळूचा कंद), पालुसामी. आणि रिवाजाप्रमाणे उभा राहिला. तिने ताटाला हात लावला नाही. काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली. ती पुन्हा म्हणाली. मग तिच्या तळव्याने टेबलावर ठेका धरला.

त्याला जाता येत नव्हतं. तिचं खाणं व्हायचं होतं आणि तिने सुरूच केलं नव्हतं. आजूबाजूच्या पोरांनी चमचे थांबवले. नायाचे ओठ हलताना दिसत होते, मान वर, छाती भरून, पण इथे नळ वाहत होता. मी हात पुढे करून नळ बंद केला.

सिनाने तो पुन्हा सोडला. पूर्ण.

"हे तुझ्या ऐकण्यासाठी नाहीये," ती म्हणाली आणि जळलेलं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "बूड नीट घास."

मान वर केली तेव्हा नाया जेवत होती आणि डेरिल तिच्या मागे उभा होता, एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. तो काय म्हणाला, काही म्हणाला की नाही, मला माहीत नाही.

सोलापूरला परतल्यावर सगळे डोंगरांबद्दल विचारतात, मेंढ्यांबद्दल विचारतात. मेंढ्या मी विमानातून पाहिल्या. पुण्याच्या गृहस्थांवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, आईची प्रार्थना घाण करून विकणाऱ्या त्या स्टुडिओवाल्यावरचा तर नाहीच. मुलांचं बोलणं बापांच्या कुलपात ठेवणाऱ्या सगळ्या देवळांवर आणि चर्चवर मी पुढेही लिहीन. पण चर्चच्या दारात मी जे केलं ते त्या कुलपाहून वेगळं होतं असं स्वतःला पटवून देता येत नाही. दुसऱ्याचं तोंड मीही वापरलं, तेही न विचारता.

हे लिहायच्या आधी दोघांना कळवलं. डेरिलने उत्तर पाठवलं, मी तुला जे सांगितलं ते लिही, कुजबुजीचंही लिही, नाव बदल. नावं बदलली आहेत. नायाला विचारलं, त्या सोळा ओळी मराठीत देऊ का? तीन दिवसांनी तिचं उत्तर आलं. नाही. ज्याला ऐकवायच्या होत्या, त्याला ऐकवून झाल्या.

म्हणून त्या इथे नाहीत.