साडूंची निवटी

आमच्या साडूंइतका माणसांवर अविश्वास आणि माशांवर विश्वास ठेवणारा सरकारी माणूस उभ्या पनवेल तालुक्यात झाला नाही. आता होणारही नाही. तशी चोख व्यवस्था झाली आहे.

साडू प्रदूषणाच्या ऑफिसात तपासनीस. कारखान्याला परवानगी हवी तर साडूंची सही हवी, आणि सही हवी तर निवटी जगायला हवी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा वीतभर मासा. मेहुणीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत साडू कारखान्याच्या खाडीत जाणाऱ्या नाल्याचं पाणी भरत, त्यात निवटी सोडत आणि दुसऱ्या दिवशी ती हलली तरच पेन उघडत. प्रयोगशाळेचा अहवाल बरणीखाली, टेबलावर डाग पडू नये म्हणून! बरणी स्कूटरवर पायांशी ठेवून हिंडत. एका बारशाला तर ती पाळण्याशेजारी ठेवली, का तर तिथे वारा लागतो. मेहुणीने कपाळावर हात मारून घेतला. मी कधी सोबत गेलो की निवट्या देणारी खाडीवरची म्हातारी म्हणायची, “सायेब, निवटी खायाला आसते, पालायला नाय!” साडू गंभीरपणे सांगत, “आजी, ही नोकरीला आहे.”

मीही पोट धरून हसायचो, मी मॅनेजर असलेल्या आमच्याच कारखान्याची फाइल त्यांच्याकडे जाईपर्यंत. नवं युनिट तयार, यंत्रं ताडपत्रीखाली, शेजारच्या ओवे गावचे तरुण रोज गेटवर विचारत, “काका, कवा चालू व्हनार?” आणि इकडे निवटी तीनदा मेली. मी तडक साडूंच्या घरी गेलो.

“अहो, एका माशापायी माणसांच्या पोटावर पाय देता?”

“निवटी चिखलातसुद्धा जगते हो. ती जिथे मरते तिथे मी सही कशी करू?”

चहाला हात न लावता मी उठलो.

पुढच्या वर्षी परवानग्या सोप्या झाल्या. उद्योग वाढायला हवेत म्हणून एक खिडकी, एक अर्ज, पाहणी नाही. पाणी निर्दोष असल्याचं कारखान्यानेच लिहून द्यायचं. आमच्याकडे लिहून देणारा मी. दिलं. युनिट सुरू झालं, पोरं कामाला लागली. मी पेढे घेऊन साडूंकडेही गेलो. त्यांना तोवर आवक-जावकला बसवलं होतं. त्यांनी पेढा खाल्ला, आत जाऊन बरणी आणली आणि चार्ज द्यावा तशी माझ्या हातात दिली.

“आता सही तुमची. मग हीसुद्धा तुमच्याकडे असू द्या.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. मी बरणी घेऊन घरी आलो.

साडू गेल्या वर्षी गेले. बायकोने दोनदा लोणच्यासाठी बरणी मागितली, मी दिली नाही. परवाच्या रविवारी मात्र धीर करून ती स्कूटरवर पायांशी ठेवली आणि खाडीवर गेलो. म्हातारी रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिने आधी बरणी ओळखली, मग मला.

“सायबांचा साडू ना तू? उशीर केलास रं बाबा. आता निवटी नाय गावत.”

तिथेच चिखलात उभं असताना मला साडूंची फार आठवण आली. बरणी तशीच कोरडी घरी आणली.